वाजलं की सांग

चढाच्या पायथ्याशी मी दुसरा गिअर टाकला, ऍक्सिलरेटर दाबला आणि खालून कुठूनतरी 'ठक्' असं वाजलं. एकदाच. शेजारच्या सीटवर बाबा होते. गाडीत बसले की त्यांचा एक हात डॅशबोर्डवर टेकलेला असतो, तसा तेव्हाही होता. ते म्हणाले, "आठवडा झाला याला." मला तो आवाज आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवला होता आणि तेवढ्यावर मी एक रात्र जागून काढली होती. बाबांचं कानातलं मशीन नेहमीप्रमाणे खिशात होतं. रस्त्यावरची नजर न काढता मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला कुठे ऐकू येतं!" त्यात राग नव्हता. काळजीत असताना आपण जवळच्या माणसाला जसं झटकून टाकतो, तसं ते वाक्य निघून गेलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी डॅशबोर्डवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवून दिला.

गाडी पुढे बरेच दिवस वाजत राहिली. रात्री मला आठवायचा तो हात.

जोर लावताना गाडी वाजू लागली की मनात पहिलं नाव येतं ते कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी, इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या दांड्याचं. रॉडचं मोठं तोंड क्रँकशाफ्टला जिथे धरतं तिथे बेअरिंगच्या दोन पातळ, अर्धगोल पाकळ्या असतात. त्या पाकळ्या आणि शाफ्ट यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच फट. त्या फटीत ऑइलचा पापुद्रा फिरत असतो, त्यामुळे चालू इंजिनात धातू धातूला शिवत नाही. ऑइल कमी पडलं किंवा त्याचा दाब गेला की पाकळी झिजते, फट वाढते आणि सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाबरोबर रॉड शाफ्टवर आदळायला लागतो. तो आवाज जड असतो, पोटातून येतो, आणि तशीच गाडी हाकत राहिलं तर एक दिवस रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. हे सगळं मला ठाऊक होतं आणि ठाऊक असण्यानेच घात केला. 'ठक्' ऐकल्यापासून मी दुसरं काही ऐकायला तयारच नव्हते. पहिल्या गॅरेजमधल्या माणसाने बोनेट न उघडता गाडी दहा पावलं पुढे-मागे घेतली आणि "रॉड बोलतोय, इंजिन उतरवावं लागेल" असं सांगून टाकलं. तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी हायसं वाटलं, हे मी इथे कबूल करते. मी जे धरून बसले होते त्याला दुसऱ्या कुणीतरी नाव दिलं होतं. इंजिन उतरवण्याची तारीख ठरवून मी घरी आले आणि तारीख जवळ येईल तसतशी पुढे ढकलत राहिले.

मधल्या काळात मी स्वतः तपासून पाहिलं. ऑइलची पट्टी काढली, पुसली, परत घातली. पातळी दोन खुणांच्या मध्ये, ऑइलला जळका वास नाही, बोटांत चोळल्यावर धातूची कचकच नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हळूहळू रेस दिली, अचानक सोडली. काही नाही. नुसता गुळगुळीत, चढत-उतरत जाणारा घुमार. मग एक लांब पेचकस घेतला, त्याचं टोक ब्लॉकला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली. फिरत्या पट्ट्यापासून केस आणि ओढणी सांभाळत मी जे ऐकलं ते विलक्षण होतं. बाहेरून एकजीव वाटणारा आवाज आत सुटा सुटा होतो. इंजेक्टरची बारीक, कोरडी टिकटिक. वरच्या बाजूला व्हॉल्व्हची टपटप, क्रँकच्या निम्म्या चालीने, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. वॉटर पंपाची मंद खरखर. पेचकस बोटभर सरकवला की दुसरं दालन उघडायचं. त्या सगळ्यात मला हवा असलेला जड ठोका कुठेच नव्हता, तरी मी तो शोधत होते. एकदा फोन डॅशबोर्डखाली चिकटवून चढावर आवाज रेकॉर्डही केला. परत लावून ऐकला तर फक्त एकसुरी घरघर. 'ठक्' त्यात आलंच नव्हतं. माझ्या पाठीला जाणवलेलं, पायांना जाणवलेलं, त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. त्या वेळी मला हे फोनचं अपयश वाटलं.

नंतर काही दिवस मी गाणी मोठ्याने लावून गाडी चालवली.

लहानपणी आमच्याकडे कार्बोरेटरची जुनी गाडी होती. तिचं टायमिंग, म्हणजे पिस्टन कुठे असताना ठिणगी पडायची ते, डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून लावता यायचं. बाबा ते कानाने लावायचे. बोल्ट सैल करायचे, डिस्ट्रिब्युटरचं डोकं केसभर फिरवायचे, बोल्ट आवळायचे आणि गाडी चढावर काढायचे. ठिणगी जितकी लवकर तितकी गाडी चांगली ओढते, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा ओलांडली की इंजिनातून बारीक किणकिण सुरू होते, पत्र्याच्या डब्यात काचेच्या गोट्या हलवाव्यात तशी. ती ऐकू येईपर्यंत पुढे जायचं आणि मग किंचित मागे यायचं, अशी त्यांची रीत. मी मागच्या सीटवर, दोन्ही सीटच्या मधून डोकं पुढे काढून बसलेली असायचे, कारण मला काम दिलेलं असायचं. "तुझे कान कोवळे आहेत," बाबा म्हणायचे, "वाजलं की सांग." तिसऱ्या गिअरमध्ये गाडी मुद्दाम हळू पाडायची, मग ऍक्सिलरेटर खोल दाबायचा. मी श्वास रोखून बसायचे. "वाजलं!" असं ओरडताना जो अभिमान वाटायचा, तसा पुढे कुठल्याच परीक्षेच्या निकालाने वाटला नाही. ते मला शिकवत होते अशीच माझी समजूत होती. त्यांना स्वतःला ती किणकिण तेव्हा ऐकू येत होती का, हा प्रश्न मला या वयात, हे लिहिण्याच्या थोडंच आधी पडला. आयुष्यभर ते मोठ्या यंत्रांजवळ उभे राहून काम करत आले होते.

त्या किणकिणीचा इतिहास मी त्या जागरणाच्या रात्रींत वाचला, आणि तो गाडीपेक्षा जास्त दिवस डोक्यात राहिला. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरीवरच्या इग्निशनमुळे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेमुळे, इंजिनं वाजतात असा आरोप होत होता. खरं कारण शोधायचं काम त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांच्याकडे आलं. इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल आणि आवाज थांबेल, अशी त्यांची कल्पना. बर्फाखालीही फुलणाऱ्या, तांबूस पानांच्या एका रानवेलीवरून ती सुचली होती. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता म्हणून त्यांनी आयोडीन टाकलं, आणि आवाज थांबला! मग खरे लाल रंग आणून टाकले तर काहीच फरक नाही. काम रंगाचं नव्हतंच, आयोडीनचं होतं. चुकीच्या समजुतीने हाताला लागलेली बरोबर वस्तू! पण आयोडीन महाग, धातू खाणारं. पुढे अनेक पदार्थ तपासत डिसेंबर १९२१ मध्ये ते शिशाच्या एका संयुगापाशी पोचले. पेट्रोलमध्ये ते चिमूटभर टाकलं की इंजिन गप्प. १९२३ मध्ये तसं पेट्रोल विक्रीला आलं, त्याच सुमारास मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी होते, आणि १९२४ मध्ये ते संयुग बनवणारे कामगार मेले. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. जवळजवळ शंभर वर्षं. दुसरे मार्ग नव्हते असंही नाही. अल्कोहोल मिसळूनही किणकिण कमी होते हे त्यांना ठाऊक होतं. हे वाचून मी रात्री उशिरा खाली जाऊन गाडीत नुसती बसले. इंजिन चालूही केलं नाही. गाण्यांचा आवाज कमी करून ठेवला आणि वर आले.

दुसऱ्या दिवशी बाबा टेबलाशी बसून मशीनची बारीक बॅटरी बदलत होते. मी समोर बसले. माफी मागायची होती, ते जमलं नाही. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला तो आवाज कसा कळला?"

"ऐकू नाही आला," ते म्हणाले. "हाताला लागला."

मग त्यांनी जे विचारलं ते मला एकाही गॅरेजमध्ये कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. "किती वेळा होतो?" मी म्हटलं, रेस दिली की होतो. "तसं नाही. मोज. पाय दाबलास की एकदा, आणि सोडलास की एकदा. मध्ये काही नाही. बरोबर?" बरोबर होतं. आणि ते शब्दांत आल्याबरोबर माझा रॉड जागच्या जागी विरला. पंधराशे आरपीएमला क्रँकशाफ्ट सेकंदाला २५ वेळा फिरतो. इंजिनाच्या आत काही वाजत असेल तर ते त्या चालीने वाजेल, सेकंदाला बारा-पंचवीस ठोके, आणि रेस वाढेल तसं जलद होईल. जे फक्त एकदा वाजतं ते फिरणारं नसतं. ते एका बाजूला ढळतं, कशावर तरी टेकतं आणि तिथेच थांबतं. "म्हणून म्हटलं, हा आवाज नाही," बाबा म्हणाले, "हा धक्का आहे. इंजिन उठतंय आणि आपटतंय. माउंटिंग बघ."

चाकं एका बाजूला फिरवायची तर इंजिनला स्वतःला उलट बाजूला फिरावंसं वाटतं. त्याचं वजन पेलणं हे माउंटिंगचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ही उलट उसळी रबरात जिरवणं. माझ्यासारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत दोन माउंटिंग वजन धरतात आणि खाली मागच्या बाजूला एक आखूड टॉर्क रॉड इंजिनला डोलू देत नाही. संध्याकाळी आम्ही बोनेट उघडलं. हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय घट्ट, पहिला गिअर, आणि गाडी ओढ घ्यायला लागेल इतपतच क्लच सोडला. बाबांना मी गाडीच्या समोर उभं राहू दिलं नाही. ते बाजूला, मडगार्डवर पंजा टेकवून उभे होते. इंजिन मागे कललं, ठक्. क्लच दाबला, इंजिन पुढे आलं, पुन्हा ठक्, जरा हलका. मग रिव्हर्समध्ये. बाबांनी दर वेळी ठोक्याच्या क्षणी बोट उचललं. त्यांचे डोळे मिटलेले होते. इंजिन असं कलताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, एखादं झोपलेलं जनावर कुशीवर वळावं तसं. इतकी वर्षं गाडी चालवली, पण इंजिन म्हणजे पक्कं, खिळवलेलं काहीतरी अशीच माझी कल्पना होती.

काम दुसऱ्याच एका मिस्त्रींनी केलं. गाडी वर घेतली, टॉर्क रॉड काढला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या मोठ्या डोळ्यातलं रबर एका बाजूने पूर्ण फाटलेलं, कडा वाळक्या सालीसारख्या चिरलेल्या. आतली नळी लोंबत होती. आणि जिथे ती नळी बाहेरच्या कड्यावर आदळत होती तिथे नखाएवढी एक जागा लख्ख चकाकत होती. इतर सगळं काळं, चिखलाने माखलेलं, आणि तेवढाच एक आरसा. मी त्यावरून अंगठा फिरवत राहिले. इतक्या दिवसांची झोपमोड त्या नखाएवढ्या जागेत होती. नवा रॉड बसवताना मिस्त्रींनी बोल्ट आधी अर्धेच आवळले, गाडी चाकांवर उतरवली, इंजिन चालू करून थोडं डोलू दिलं, बंद केलं आणि मग शेवटचा पाना मारला. मी कारण विचारलं. इंजिनला त्याच्या मूळ जागी बसू द्यायचं, ते म्हणाले, नाहीतर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मला ते घाई न करणारे हात फार आवडले. चढावर गाडी नेली. दाबलं, सोडलं, दाबलं. काही नाही. खालून येणारा तो धक्का गेला होता.

आणि ती शांतता पसरल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, दुपारच्या उन्हात, हळू चालीवरून पाय जरा खोल गेला तेव्हा, मला किणकिण ऐकू आली.

अगदी बारीक. पत्र्याच्या डब्यातल्या गोट्या. ती आधीही असणार, जड ठोक्याखाली दबलेली. गिअर खाली टाकला की नाहीशी व्हायची, म्हणजे ओळखीचीच. ठिणगीपासून निघालेली ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते आणि न जळलेलं मिश्रण पलीकडच्या कोपऱ्यात दाबलं जातं. ज्वाला पोचण्याआधीच ते स्वतःहून एकदम पेटलं तर दाबाची लाट भिंतींवर आपटते आणि सिलिंडर घंटेसारखा वाजतो. कमी फेरे आणि जास्त ओझं असलं की मिश्रणाला तसं पेटायला वेळ मिळतो. नव्या गाड्यांत हे पकडायला ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. हवेतलं त्याला काहीच ऐकू येत नाही. ब्लॉकला टेकून तो धातूची थरथर घेतो, आणि ती आली की कॉम्प्युटर ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. त्याच्याबद्दल वाचताना मला डॅशबोर्डवरचा पंजाच दिसत होता. पण पंजा आणि सेन्सर यांत एक फरक आहे. साधारण मोटारीच्या सिलिंडरची ती किणकिण सेकंदाला सहा-सात हजार कंपनांच्या आसपास असते. तळहाताची कातडी सर्वांत तल्लख असते ती अडीचशेच्या आसपास, आणि हजारापलीकडचं तिला फारसं कळत नाही. बाबांच्या कानांच्या तपासणीचा कागद आमच्या फाइलमध्ये आहे. त्यावरची रेघ दोन हजारांपर्यंत कशीबशी आडवी चालते आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली जाते. सहा हजारांवर तिने तळ गाठलेला आहे. चालू इंजिनाचा घुमार, दाराचा धक्का, माउंटिंगचा ठोका, हे सगळं त्यांच्यापर्यंत हातातून पोचतं. हे एक पोचत नाही.

मी त्यांना सांगितलं. खरं तर लपवायचा विचार आला होता मनात, इतक्यात पुन्हा कशाला, म्हणून. पण सांगितल्यावर ते खुर्चीत सरळ बसले. थंड गाडीत येते की तापल्यावर? तापल्यावर. गेज वर जातो? नाही. पाणी पुरेसं आहे? आहे. मग प्लग काढून बघू, म्हणाले. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे ठिपके होते, ते भिंगाखाली बघताना त्यांच्या कपाळाला माझं कपाळ लागत होतं. प्लग योग्य नंबरचे होते, पण फार चाललेले. इंधनाचं बोलणं निघालं. ऑक्टेनचा आकडा म्हणजे ताकद नव्हे, हे त्यांनी मला शाळेतल्यासारखं समजावलं. चाचणीच्या इंजिनात आयसोऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला शून्य धरलेलं. ९५ म्हणजे त्या दोघांच्या ९५ आणि ५ अशा मिश्रणाइतकं न वाजणारं. ज्या इंजिनला गरज नाही त्याला वरचं इंधन देऊन काही मिळत नाही, पण आत कार्बन साचून जागा आक्रसली असेल तर एक टाकी वरच्या ऑक्टेनची भरून बघायची. किणकिण थांबली तर दिशा कळते. "दिशा," ते पुन्हा म्हणाले, "इलाज नव्हे. थांबली म्हणून विसरायचं नाही." तो पहिला माउंटिंगचा शोध लावल्यापासून त्यांचं मशीन खिशातून कानात आलेलं आहे. कायम नाही, पण या चर्चांपुरतं.

काल नवे प्लग घालून आणि टाकी भरून आम्ही त्याच चढावर गेलो. ऊन तसंच होतं, इंजिन तापलेलं. गाणी बंद, एसी बंद, काचा खाली, म्हणजे बाजूच्या कठड्यावरून आवाज परत येईल. पायथ्याशी मी तिसऱ्या गिअरमध्ये चाल पाडली. बाबांनी डॅशबोर्डवर पंजा पसरून ठेवला, बोटं फाकवून, आणि जरा पुढे झुकले.

"माझ्यापर्यंत येणार नाही," ते म्हणाले. "वाजलं की सांग."

मी श्वास रोखला आणि पाय दाबला.